पहिलीच्या वाचनाचं प्रशिक्षण: पाच दिवस बसून आलो, आता सोमवारी वर्गात काय करू?

रानवाटेचा_मास्तर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी, दोन्हीचा मिळून पट २३. मागच्या आठवड्यात पायाभूत साक्षरतेचं पाच दिवसांचं प्रशिक्षण करून आलो. दुसऱ्या दिवशी 'ध्वनी जागरूकता' (म्हणजे शब्दातले आवाज कानाने वेगळे ओळखणं) नावाचं सत्र होतं, म्हटलं हे आपल्या कामाचं. स्लाइडवर काय तर कॅट, बॅट, हॅट. एका बाईंनी विचारलं सर मराठीत कसं करायचं, तर उत्तर आलं "तेच मराठीत करायचं". मग चहा झाला, मग उपस्थितीची लिंक भरली, लिंक चालेना म्हणून परत चहा.

आता खरा प्रश्न. दुसरीतली एक मुलगी आहे, तिचं वाचन मला चांगलं वाटायचं. पुस्तकावर बोट ठेवून धडाधड वाचते. परवा चित्राखाली 'मका' लिहिलं होतं आणि तिने ठणठणीत आवाजात वाचलं "कणीस". मी दोन मिनिटं गप्प बसलो. म्हणजे वर्षभर ही चित्रं वाचत होती आणि मी शाबासकी देत होतो!

तर मुळाक्षरं क ख ग च्या क्रमाने शिकवायची की गटाने? बाराखडी पाठ करून घ्यावी का? आणि इथे जे शिक्षक आहेत त्यांनी सांगा, कुठल्याही प्रशिक्षणातलं एखादं तरी काही तुमच्या वर्गात टिकलं का? खरं सांगा, इथे केंद्रप्रमुख नाहीत.

चहाबिस्कीट

केंद्रप्रमुख आहेत, मी बघतोय तुम्हाला. :)

(नाहीये हो. पण माझी बायको आहे शिक्षिका, तिच्या मते प्रशिक्षणातलं टिकलेलं एकच, ती फोल्डरची पिशवी. सात वर्षं झाली, अजून भाजीला नेतो.)

खडूफळा

मास्तर, 'कणीस' वाचून हसलो आणि मग पोटात कालवलं, कारण माझ्याही वर्गात असे तीन आहेत.

क्रमाबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे. क ख ग घ ङ ही मांडणी उच्चार तोंडात कुठे होतो त्यावर केलेली आहे, कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. भाषाशास्त्र म्हणून एक नंबर, पण सहा वर्षांच्या पोराला ती उलटी अडचणीची. एकतर क आणि ख, ग आणि घ असे कानाला जवळचे आवाज शेजारी शेजारी येतात आणि पोरं गोंधळतात, दुसरं म्हणजे पहिल्या पाच अक्षरांत तुम्ही किती शब्द करणार? ङ ने सुरू होणारा शब्द मला अजून कोणी दाखवलेला नाही.

मी पहिल्या दोन आठवड्यांत फक्त म, क, ल आणि काना घेते. बस. बघा काय काय होतं: मका, काम, माल, लाल, मामा, काका, काल, कला, कलम, मला, कमाल. वर "मामाला मका" असं आख्खं वाक्य. पोराला तिसऱ्या आठवड्यात कळतं की आपण वाचतोय, म्हणजे काहीतरी अर्थाचं वाचतोय. काना पहिल्याच दिवशी घ्यायचा, ४८ अक्षरं संपायची वाट बघायची नाही. ही काही माझी अक्कल नाही, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या लोकांनी असं गटागटाने आणि लगेच शब्दांवर यायचं काम कित्येक वर्षं केलंय, आणि मी त्यांच्याकडे शिकलेल्या एका बाईंकडून उचललं.

बाराखडी नंतर. आधी पाठ झाली की पोरगं 'कू' ओळखायला क पासून गाडी सुरू करतं, क का कि की कु कू, हां कू. एका शब्दात तीन अक्षरं असली की तीन वेळा गाडी मुंबईहून सोडायची.

पेन्शनर_आबा

३४ वर्षं नोकरी केली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मी मुळाक्षरं क्रमानेच शिकवली, बाराखडी घोकून घेतली आणि माझी पोरं आज तहसीलदार आहेत. तेव्हा ध्वनी जागरूकता नव्हती, छडी होती. पद्धतीत दोष नसतो, मास्तर वर्गात थांबतो की नाही एवढाच प्रश्न आहे.

खडूफळा

आबा, तहसीलदार झाले ते तुम्हाला भेटायला येतात. जे तिसरीत शाळा सोडून गेले ते येतात का हो?

पेन्शनर_आबा

बरोबर बोललात. राग नाही. विचार करतो.

चिऊची_आई

मी शिक्षिका नाही, पण विषय आवडीचा म्हणून लिहिते. लेक सीनियर केजीला, इंग्रजी माध्यम. शाळेत फोनिक्स आहे (अक्षराचं नाव नाही, आवाज शिकवायचा), एस ए टी पी आय एन या क्रमाने, एबीसीडीने नाही, कारण तेच, सहा अक्षरांत सॅट पिन टॅप टिन होतात. म्हणजे खडूफळाताईंचं म क ल आणि हे एकाच विचाराचं.

पण एक गंमत सांगते. तिच्या टीचरने दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट घेतलंय, तरी त्या सी चा आवाज "क" शिकवतात, टी चा "ट". आता आपल्या क मध्ये अ मुरलेलाच असतो ना! त्यामुळे लेक वाचते "क-ॲ-ट" आणि जोडून म्हणते "कॅट्ट". इंग्रजीत पाहिजे तो नुसता क्, पाय मोडलेला. मराठी बोलणाऱ्या बाईला इंग्रजी फोनिक्स शिकवायला हे पहिल्या तासाला सांगायला हवं होतं, पण व्हिडिओतली बाई इंग्लंडची, तिला कुठून माहीत असणार आपलं क काय असतं.

आणि मराठीत उलटा त्रास. लेक 'कमळ' वाचताना क-म-ळऽ असा शेवटचा अ ओढते. आपण बोलताना कमळ् म्हणतो. तिला कोणी सांगितलंच नाही की लिहिलंय एक आणि बोलायचं थोडं दुसरं. 'करवत' मध्ये तर मध्येच र चा अ गायब.

लेस्टरकर

वरच्या प्रतिसादात इंग्लंडचं नाव निघालं म्हणून हात वर करतो. बायको इथल्या प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. इथे २०१२ पासून पहिलीच्या (म्हणजे इयर वन) सगळ्या मुलांची जूनमध्ये फोनिक्सची तपासणी होते. ४० शब्द, शिक्षक समोर बसून एकेका मुलाकडून वाचून घेतो. त्यातले २० शब्द खरे आणि २० चक्क खोटे, ज्यांना काही अर्थच नाही. खोट्या शब्दाशेजारी एका राक्षसाचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळावं की हे त्याचं नाव आहे.

मला आधी हा येडेपणा वाटला. पण मास्तर, तुमच्या कणीसवाल्या मुलीला हाच उपाय आहे. चित्र नाही, पाठ केलेलं नाही, अंदाज चालत नाही, अक्षर वाचता येत असेल तरच येईल. मराठीत "लमाक", "तिगू" असे शब्द करा आणि विचारा.

इथेही भांडणं आहेत बरं का, की आख्खं वर्ष शाळा या ४० शब्दांच्याच मागे लागतात आणि गोष्टीचं पुस्तक राहतं बाजूला. ते थोडं खरंही आहे.

चहाबिस्कीट

"लमाक" हा खोटा शब्द नाही, आमच्या गावात लमाक नावाचा कुत्रा होता. (नव्हता. पण आता पाळणार आणि हेच नाव ठेवणार.)

बुलढाणेकर

मला एक विचारायचंय आणि जरा तावातावाने लिहितोय, समजून घ्या.

आमच्याकडे घरी ळ नाही. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. माझ्या वर्गात तपासणीला एक साहेब आले, पोराला 'केळी' वाचायला सांगितलं, पोराने वाचलं "केयी". साहेबांनी लिहिलं, वाचता येत नाही. अरे, त्याने बरोबर वाचलं ना! ळ ओळखला म्हणून तर केयी म्हणाला, नाहीतर केली म्हणाला असता. अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थ कळला आणि आपल्या आईच्या तोंडचा उच्चार केला. याच्यापेक्षा जास्त वाचन काय असतं?

हे कुठल्या प्रशिक्षणात सांगतात का? मी आतापर्यंत १२-१३ केली असतील, एकातही नाही.

खडूफळा

बुलढाणेकर, शंभर टक्के. मी न-ण ला हेच करते. 'पानी' म्हणालं पोरगं तरी वाचलं असं धरते, नंतर हळूच "पुस्तकात पाणी म्हणतात, घरी पानी, दोन्ही आपलंच" एवढं सांगते.

शुद्धचिंतक

मग लिहितानाही पानीच लिहू द्यायचं का? प्रमाणभाषा नावाची काही गोष्ट आहे की नाही?

बुलढाणेकर

साहेब, तुम्ही तरी 'चमचा' आणि 'चहा' चे च वेगळे लिहिता का? दोन्ही च चे उच्चार वेगळे आहेत, प्रमाणभाषेतच. जाळी आणि जेवण म्हणून बघा. तिथे पोरगं एका अक्षराचे दोन उच्चार शिकतंच ना. मग ळ चा अजून एक.

शुद्धचिंतक

हम्म. च चं लक्षातच आलं नव्हतं. चमचा, चहा, चमचा, चहा. ऑफिसात सगळे माझ्याकडे बघताहेत.

आडवा_बाण

तुम्ही लोक श आणि ल बद्दल का बोलत नाही? २००९ च्या शासन निर्णयाने देठाचा श आणि पाकळीचा ल आला, आता फोनवर वेगळा, पुस्तकात वेगळा, दुकानाच्या पाटीवर तिसराच. पोराने कोणता शिकायचा? आणि तो र! चक्र, सूर्य, ट्रक, दऱ्या. एका अक्षराचे चार अवतार. विष्णूचे दहा परवडले. पहिलीपासून हिंदीचा घोळ तर

संपादक_मंडळ

पहिलीपासून हिंदी या विषयावर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. इथे वाचनावरच राहूया.

मेळघाटी

उशिरा आलो. आमच्याकडची अडचण वेगळी आहे ती लिहितो.

माझी पोरं घरी कोरकू बोलतात. गटाने अक्षरं, लगेच शब्द, सगळं मी केलं आणि ते चाललंही, जानेवारीपर्यंत वर्गातली अर्धी पोरं काना-वेलांटीचे शब्द खडाखड वाचायला लागली. मी खूश. मग एकाला 'पाणी' वाचायला लावलं, वाचलं, म्हटलं म्हणजे काय रे? गप्प. खोटा शब्द नि खरा शब्द त्याला सारखाच! लेस्टरकरांच्या राक्षसाच्या चित्रासारखं त्याच्यासाठी आख्खं पुस्तकच राक्षसाचं. मी पाण्याला कोरकूत म्हणतात ते म्हटलं, "डा", तेव्हा हसला.

आता मी आधी महिनाभर नुसतं बोलतो. चित्र दाखवून कोरकूत गप्पा, मग त्याच चित्रावर मराठीत. अक्षरं त्याच्या मागून. साहेब लोक विचारतात अजून वाचन सुरू झालं नाही का. सांगतो, झालंय, तोंडाचं चालू आहे.

सुलभक_एक

धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी तोच आहे, कॅट-बॅटवाला. म्हणजे मास्तरांचाच नाही, पण माझ्या तालुक्यातला.

मीही पहिलीला शिकवणारा शिक्षकच आहे हो. मला जिल्ह्याला तीन दिवस बसवलं, त्यांना राज्याला. पीपीटी आदल्या रात्री ११ वाजता ग्रुपवर आली. कॅनॉलचं पाणी माहीत आहे ना, वरून कितीही सोडा, टेलच्या शेतकऱ्याला काय मिळतं? मी टेलच्या आधीचं दार आहे. माझ्या समोर ६० शिक्षक, त्यातले २० वरच्या वर्गांचे ज्यांना पहिली कधी मिळणारच नाही, एक माइक, तोही शिट्टी मारणारा.

आणि खरं सांगायचं तर ध्वनी जागरूकता म्हणजे काय हे मलाच नीट कळलं नव्हतं. स्लाइड वाचून दाखवली. मराठीत कोणी उदाहरण विचारू नये अशी प्रार्थना करत होतो आणि त्या बाईंनी विचारलंच, त्या माझ्याकडेही होत्या, प्रत्येक प्रशिक्षणात एक असतेच.

खडूफळा

ती बाई मीच असते. :) पण दादा, असं उघडपणे लिहिलंत, मानलं तुम्हाला.

गोट्या_राजा

अहो मराठीत उदाहरण शोधताय? लहानपणी च ची भाषा बोलला नाहीत का? "चलाम चूकभ चागलील", म्हणजे मला भूक लागली. आम्ही मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायचो आणि आई म्हणायची "चांबथ".

आता यात काय होतं बघा. 'पाणी' चं होतं 'चाणीप'. म्हणजे प चा आकार सोडवून च ला चिकटवला आणि उघडा प शेवटी नेऊन टाकला. आठ वर्षांचं पोरगं बोलता बोलता व्यंजन आणि स्वर वेगळे करतंय! सुलभकदादा, स्लाइडवर जे कॅट-बॅट होतं ते हेच की नाही?

भेंड्या पण घ्या. "शेवट ल आला" म्हणायला शेवटचा आवाज ऐकता यावा लागतो.

सुलभक_एक

गोट्याराव, मी हे वाचून उठून उभा राहिलो. खरंच. पुढच्या महिन्यात शिक्षण परिषद आहे, तिथे हे घेणार. कॅट रिटायर.

फक्त एक, पहिलीच्या पोराला च ची भाषा अवघड जाईल, तिथे आधी शब्दाला टाळ्या (बै-ल दोन, चि-म-णी तीन), मग पहिला आवाज कुठला, मग भेंड्या. च शेवटी.

पेन्शनर_आबा

मी विचार केला. आमच्या काळीही वर्गात चार-पाच पोरं अशी असायचीच की ज्यांना अक्षरं यायची पण शब्द जुळायचा नाही. ग, व, त वेगवेगळं म्हणायची आणि पुढे काहीच नाही. आम्ही म्हणायचो डोकं नाही. गोट्या म्हणतो तसे आवाज जोडायचे खेळ घ्यावे हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यातला एक आता बसस्टँडवर भेटतो, नमस्कार करतो. त्याला वाचता येत नाही. एसटीची पाटी मलाच विचारतो.

एवढंच लिहायचं होतं.

कवठाची_बरणी

आबा...

मी मास्तरांच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, प्रशिक्षणातलं काय टिकलं. २०१५ च्या सुमारास आम्ही गाड्या करून साताऱ्याला कुमठे बीट (तिथल्या शाळांचा गट) बघायला गेलो होतो, तेव्हा सगळा महाराष्ट्रच जात होता. तिथली पोरं बघून डोळे दिपले. परत येऊन काय केलं? वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने तक्ते रंगवले. फरश्या रंगल्या, फोटो गेले, पण तिथल्या बाई पोरांशी काय बोलत होत्या, कधी गप्प बसत होत्या, ते कोणी उचललंच नाही, कारण ते फोटोत येत नाही. मग निष्ठा ३.० हे शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं दीक्षा ॲपवर, ते आमच्याकडे दोन फोनवर दोन मोड्यूल लावून स्वयंपाक करता करता पूर्ण केलं लोकांनी. मी पण. खोटं कशाला बोलू.

टिकलं ते एकच. पालघरकडे नोकरीला होते तेव्हा एका संस्थेची ताई महिन्यातून एकदा वर्गात यायची. शिकवायची नाही, फळ्याकडे बघायचीही नाही, मागे एका पोराजवळ बसायची. तास झाला की सांगायची, "तो 'दिवा' वाचताना आधी वेलांटी वाचतो, कारण ती आधी लिहिलेली दिसते, म्हणून अडतो." बस, एवढंच. मी त्या पोराला वर्षभर मठ्ठ समजत होते. ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी आणि बोलायची नंतर, हे मला माहीत होतं पण दिसलं नव्हतं. असे दहा महिने, दहा गोष्टी. माझं सगळं शिक्षण तेवढंच.

त्याच भागात, वाड्याला, लिरिल नावाचा अभ्यासही झाला होता, शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, दुसरा भाग कर्नाटकातलं यादगीर. त्याच पोरांच्या मागे काही वर्षं राहून बघितलं. पहिली-दुसरीचा मोठा वेळ अक्षरं, बाराखडी आणि फळ्यावरचं वहीत उतरवण्यात जातो आणि अर्थाचं बोलणं राहून जातं, हे त्यात वाचलं तेव्हा माझ्याच वर्गाचं वर्णन वाटलं.

टक्केवारी

आकडा टाकतो, नंतर शिव्या घाला. असर २०२४ (प्रथम संस्थेचं सर्वेक्षण) मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के पोरांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ ला १६.३ होते. सुधारणा आहे पण बघा केवढी जागा रिकामी आहे. आणि निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत साक्षरतेच्या अभियानाचं लक्ष्य २०२६-२७, तिसरीच्या शेवटी मिनिटाला ६० शब्द.

बुलढाणेकर

६० शब्द कोणते पण? 'घर' एक शब्द आणि 'घराजवळच्या' पण एकच. इंग्रजीत तेवढ्यात चार होतील. आमच्याकडे एक पोरगं स्टॉपवॉच बघितलं की श्वास न घेता वाचतं, संपलं की विचारतं "किती झाले?" गोष्टीत काय झालं विचारलं तर म्हणतं ते बघितलं नाही.

चहाबिस्कीट

माझी बायको म्हणते या धाग्याची लिंक प्रशिक्षणाला द्या, पाच दिवस वाचतील. वाचतील म्हणजे दोन्ही अर्थांनी.

रानवाटेचा_मास्तर

आठ दिवस आलो नाही, निवडणुकीचं काम लागलं होतं. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले (फळ्यावरचं उतरवायची सवय, कवठाताई).

कणीसवाल्या मुलीचं सांगतो. तिला लमाक, तिगू, मकाल असे दहा शब्द कागदावर लिहून दिले, चित्राशिवाय. तिला फक्त काना नसलेली अक्षरं येतात, आणि तीही सगळी नाहीत. ग आणि म सोडून बाकी अंदाज. 'तिगू' ला म्हणाली "गुरुजी हे चुकीचं छापलंय". वर्गाबाहेर येऊन पाच मिनिटं नळापाशी उभा राहिलो. दुसरीचं अर्धं वर्ष संपलंय.

मग खडूफळाताईंचे म क ल आणि काना घेऊन बसलो, पहिलीच्या पोरांबरोबर तिलाही. लाज वाटू नये म्हणून तिला "मॉनिटर" केलं, पहिलीच्या पोरांना कार्ड दाखवायला. तिसऱ्या दिवशी कार्ड दाखवता दाखवता स्वतःच थांबली, 'मका' च्या कार्डावर बोट ठेवून म्हणाली, "गुरुजी, म्हणजे इथे कणीस लिहिलेलं नाहीच."

माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाईंना विनंती केलीय, आठवड्यातून एक तास त्यांनी माझ्या वर्गात मागे बसायचं आणि एक तास मी त्यांच्या. पोरांजवळ, फळ्याकडे पाठ करून. त्या म्हणाल्या, मग दोन्ही वर्ग कोण सांभाळणार? याचं उत्तर कोणाकडे असेल तर लिहा.

पेन्शनर_आबा

गाव कुठलं? मी रिकामाच असतो. मंगळवारी आलो तर चालेल का?

चहाबिस्कीट

आबा, छडी घरी ठेवून या.